एकतिसावा किलोमीटर

मकुर्डीहून ग्बोकोला जाताना
एकतिसाव्या किलोमीटरला एक खड्डा आहे.
म्हणजे होता.
म्हणजे आहे. सांगतो.

मी इओर्वुएसे, राज्याच्या बांधकाम खात्यात
आवक-जावक बघतो.
माझ्या टेबलाला चार पाय, त्यातला एक विटांचा.
खड्डा मला आधी भेटला तो आवक क्रमांक दोनशे सात म्हणून,
डोसूर नावाच्या बाईने शाळकरी पोराकडून लिहून घेतलेला:
"साहेब, माझी संत्री रोज ह्या खड्ड्यात उतरतात.
खड्डा कुणाचा तेवढं कळवा,
मी त्याच्याशी बोलते."

सरळ प्रश्न होता. मी राज्यघटना खाली काढली,
धूळ झटकली, शिंकलो, वाचत गेलो.
रस्ता केंद्राचा.
रस्त्याकडेची गटार स्थानिक परिषदेची.
गटारापलीकडची शाळा आमची, गळकं छप्पर धरून.
डोसूर बसते ती जमीन
गव्हर्नरसाहेबांच्या हवाली, लोकांच्या वतीने,
म्हणजे डोसूरच्याच वतीने, तिला न विचारता.
राहता राहिलं खड्ड्यातलं पाणी.
वाहतं असतं तर नदीचं म्हटलं असतं;
साचलेल्याबद्दल घटनाकार काही बोलत नाहीत.

अबुजाला लिहिलं.
मग स्मरणपत्र.
मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र, त्याची पोच आली.

अबुजा दूर नाही तशी, मोटारीने अर्धा दिवस.
आमचे अर्थखात्याचे साहेब महिन्यातून एकदा जातातच.
तिथे तेलाच्या पैशाची पंगत बसते,
छत्तीस पानं मांडलेली,
आणि वाढपी पहिल्या टोकाला असतानाच
शेवटच्या पानावरचा माणूस भांड्याचा तळ बघायला मान लांब करतो.
साहेब परत आले की आम्ही त्यांचा चेहरा वाचतो:
ह्या महिन्यात मास्तरांचे पगार होणार की नाही.
चेहऱ्यात खड्डा बसवायला जागा नसते.

मग ऑगस्टातल्या एका रात्री टँकर आडवा झाला.
पेट्रोल उतारावरून शाळेच्या दिशेने निघालं,
त्याला हद्दी वाचता येत नाहीत.
गव्हर्नरसाहेबांनी पोलीस आयुक्तांना फोन लावला.
सगळे त्यांना राज्याच्या सुरक्षेचे प्रमुख म्हणतात.
आयुक्त अदबीने म्हणाले,
"अबुजाला विचारून सांगतो, साहेब."
विचारेपर्यंत उजाडलं.

तोवर डोसूरने टोपल्या आडव्या लावून रस्ता अडवला होता,
वस्तीतल्या चुली विझवायला पोरं पिटाळली होती,
ड्रायव्हरला बाहेर ओढून सावलीत,
म्हणजे अंधारात, निजवलं होतं,
आणि बसमधल्या एका बड्या माणसाची सिगारेट
त्याच्या ओठांतून काढून घेतली होती.
त्या रात्री त्या किलोमीटरवर सरकार कुणाचं होतं,
असं कुणी विचारलं तर मला उत्तर माहीत आहे.
ते लिहायला रकाना नाही.

"भरून टाका," साहेब म्हणाले, "पैसे मागून मागू."
भरला. खडी, डांबर, रोलर, तीन दिवस, एक फोटो.
अकरा पानांचं बिल मी स्वतः टाचणी लावून पाठवलं.
ह्यावेळी उत्तर नवव्या दिवशी आलं, एका ओळीचं,
शिक्का ओला असावा इतकं ताजं:
"आमच्या रस्त्याला पूर्वपरवानगीशिवाय हात का लावला?"

डिसेंबरात मी स्वतः गेलो. हरमटानची धूळ, ओठ फुटलेले.
डांबर मधोमध खचू लागलं होतं,
ताटलीइतकंच, अजून पाणी धरण्याजोगं नाही.
डोसूरने ब्लेडने एक संत्रं सोललं,
साल एकसंध, झोके घेत उतरली.
"कळलं का मग, कुणाचा?"
तोंडात फोड होती, म्हणून बोललो नाही.

साल हातात उरली.
रस्त्यावर टाकावी तर केंद्र,
गटारात टाकावी तर परिषद.
खिशात ठेवली.
खिसा राज्याचा.
जागा होती.